गूगलचे टेक्निकल रायटिंगचे मोफत कोर्स: वाक्यं सुधारतात, नमुने मात्र आपले आपणच करायचे

टेस्टिंग, सपोर्ट, शिकवणं, पत्रकारिता किंवा अनुवाद सोडून टेक्निकल रायटिंगकडे (म्हणजे सॉफ्टवेअर किंवा यंत्र कसं वापरायचं ते लिहून सांगायच्या कामाकडे) वळायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: गूगलचा कोर्स कर, फुकट आहे. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. हे कोर्स २०२० पासून सगळ्यांसाठी खुले आहेत आणि त्यांच्या तोडीचं फुकट साहित्य फार थोडं सापडेल. पण ते मुळात बांधले आहेत सॉफ्टवेअर इंजिनिअरसाठी, म्हणजे ज्याला यंत्र आतून माहीत आहे पण लिहिता येत नाही अशा माणसासाठी. क्षेत्र बदलून येणाऱ्याची अडचण बहुतेक वेळा नेमकी उलटी असते. त्याला लिहिता येतं, पण कशाबद्दल लिहायचं ते आतून माहीत नसतं. हे ध्यानात ठेवून कोर्स घेतला तर पैसे वसूल. (पैसे लागतच नाहीत, पण संध्याकाळी जातात, त्या वसूल.)

आत काय आहे ते आधी. टेक्निकल रायटिंग वन आणि टू असे दोन मुख्य भाग आहेत. त्याशिवाय एरर मेसेज कसे लिहावेत यावर एक छोटा कोर्स आणि ॲक्सेसिबिलिटीवर (अपंग वाचकांनाही मजकूर वापरता यावा यावर) आणखी एक. दोन्ही मुख्य भागांना घरी वाचायचा आणि वर्गात करायचा असे दोन तुकडे आहेत. घरी वाचायचा तुकडा म्हणजे छोटे धडे आणि त्यांच्या शेवटी सराव. उत्तर झाकलेलं असतं, क्लिक केलं की दिसतं. पहिला भाग सुट्टीच्या एका दिवसात वाचून संपतो आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं. झाकलेलं उत्तर आधी उघडलं की ते 'आपल्यालाही सुचलंच असतं' असं वाटतं. स्वतःचं वाक्य आधी टाइप करा, मग उत्तर उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवा. शब्द किती कमी झाले ते मोजा. मोजलं नाही तर या कोर्सचा उपयोग वर्तमानपत्रातल्या भाषाविषयक सदराइतकाच.

पहिल्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट सर्वनामांच्या धड्यात आहे. नियम असा की नाम आणि त्याच्या जागी आलेलं सर्वनाम यांच्यात पाचपेक्षा जास्त शब्द पडले तर सर्वनाम सोडा, नामच पुन्हा लिहा. मराठी माणसाला हा नियम इतरांपेक्षा जास्त लागतो, त्याचं कारण मात्र कोर्समध्ये नाही. 'सर्व्हर लॉगमधून नोंद वाचतो आणि ती रिकामी असेल तर थांबतो' हे मराठीत निर्धोक वाक्य आहे. सर्व्हर तो, लॉग तो, नोंद ती, तेव्हा रिकामी कोण हे लिंगच सांगून टाकतं. हेच इंग्रजीत उतरवलं की तो, ती आणि ते या तिघांच्या जागी एकच 'इट' बसतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात 'ती' म्हणजे नोंद पक्की असते, वाचणारा मात्र रिकामा लॉग शोधत बसतो. आपला मसुदा घ्या, प्रत्येक 'इट', 'दे', 'धिस' आणि 'दॅट' यांवर बोट ठेवा आणि मागचं नाम किती शब्दांवर आहे ते मोजा. पहिल्याच पानात चार-पाच सापडतात.

ॲक्टिव्ह व्हॉइसचा धडाही चांगला आहे, पण शाळेत मराठी व्याकरण नीट शिकलेल्यांनी इथे सावध राहावं. 'पॅसिव्ह म्हणजे कर्मणी' असं मनात बसलेलं असतं. ते तसं नाही. 'सर्व्हरने फाइल पाठवली' हा मराठीत अस्सल कर्मणी प्रयोग आहे, क्रियापद फाइलच्या मागे चालतं. इंग्रजीच्या हिशेबाने मात्र ते ॲक्टिव्हच, कारण काम करणारा समोर आहे आणि वाक्याच्या सुरुवातीलाच आहे. कोर्स ज्याच्यावर काट मारायला सांगतो ते 'फाइल पाठवली जाते'. कोण पाठवतं? सर्व्हर, ब्राउझर की वाचणारा स्वतः? सूचना लिहिताना हा प्रश्न जीवघेणा असतो. 'बॅकअप घेतला जावा' असं वाचून ॲडमिन समजतो सिस्टिम घेईल, आणि सिस्टिमला कोणी सांगितलेलंच नसतं. सरकारी पत्रव्यवहारातून किंवा बँकेतून येणाऱ्यांच्या हातात ही 'जाते-जावे'ची सवय फार मुरलेली असते. त्यांनी या एका धड्याला दोन संध्याकाळी द्याव्यात.

छोटी वाक्यं, याद्या, तक्ते आणि परिच्छेद यांवरचे धडे झटपट होतात. क्रमांकाची यादी आज्ञार्थी क्रियापदाने सुरू करा, यादीच्या आधी ती कशाची आहे हे सांगणारं वाक्य द्या, तक्त्याच्या एका घरात दोनपेक्षा जास्त वाक्यं कोंबू नका, परिच्छेद तीन ते पाच वाक्यांचा ठेवा. पटण्यासारखं आहे, सराव केला की हातात बसतं.

वाचक कोण आहे यावरचा धडा आटोपशीर आहे आणि त्यातलं समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखं: काम करायला वाचकाला जे ज्ञान आणि कौशल्य लागतं, त्यातून त्याच्याकडे आधीच असलेलं वजा केलं की उरतं ते डॉक्युमेंटेशन. शिक्षकी पेशातून येणाऱ्यांना हे नवीन नाही. सातवीच्या वर्गाला काय येतं हे न बघता फळ्याकडे वळलं तर काय होतं, ते त्यांना चांगलं माहीत असतं. इंजिनिअर मंडळी इथे अडखळतात, कारण आपल्याला जे माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत असतं अशी त्यांची समजूत असते.

आता जे नाही ते. कोर्समध्ये व्याकरणाचा धडा आहे, पण त्यात 'अ', 'ॲन' आणि 'द' या आर्टिकल्सची उजळणी नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी ही मोठी गळती आहे. मराठीत 'फाइल उघडा' एवढं पुरतं. कुठलीही चालेल असेल तर 'एखादी फाइल उघडा', आणि आत्ताच बनवलेली असेल तर 'ती फाइल उघडा'. इंग्रजीत हा फरक प्रत्येक नामापाशी करावाच लागतो. 'अ फाइल' म्हणजे एखादी, 'द फाइल' म्हणजे ती. सूचनांमध्ये हे चुकलं तर नुसतं व्याकरण चुकत नाही, कृती चुकते. तिसऱ्या पायरीत बनवलेली फाइल पाचव्या पायरीत उघडायची असताना 'अ फाइल' लिहिलं की वाचणारा भलतीच फाइल उघडतो. यावर एक साधी युक्ती चालते: प्रत्येक नामाआधी मनात 'एखादा' किंवा 'तो' लावून बघा. जो जुळेल त्याप्रमाणे 'अ' किंवा 'द'. दोन्ही जुळले नाहीत आणि नाम मोजता न येणारं किंवा अनेकवचनी असलं तर बहुधा काहीच नको. शंभर टक्के चालत नाही, पण ढोबळ चुका धरते.

उलट बाजूला मराठीची एक सवय कामाला येते. गूगलचं स्टाइल गाइड (लेखनाच्या नियमांचा संग्रह, कोर्सहून वेगळं, तेही खुलं आहे) सांगतं की अट आधी, कृती नंतर. जागा आधी, क्लिक नंतर. इंग्रजीत लिहिणारे हे सारखे उलटं करतात आणि वाचणारा आधी 'डिलीट' दाबतो, मग 'कायमचं काढायचं असेल तरच' हे वाचतो. मराठी वाक्य आपसूकच 'कायमचं काढायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन डिलीट दाबा' असं पडतं. तो क्रम इंग्रजीत तसाच ठेवा. 'प्लीज' मात्र काढा. स्टाइल गाइडला साध्या सूचनेत विनंती नको असते.

टेक्निकल रायटिंग टू हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा विस्कळीत आहे आणि नोकरीच्या दृष्टीने जास्त मोलाचा. चित्रांवरच्या धड्यात सांगितलंय की आधी चित्राखालची ओळ लिहा, मग चित्र काढा. करून बघितल्याशिवाय हे पटत नाही. 'लॉगिनचा स्क्रीन' अशी ओळ सुचत असेल तर ते चित्र कशासाठी आहे हे लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेलं नाही. 'चुकीचा पासवर्ड तीनदा टाकल्यावर दिसणारा स्क्रीन' अशी ओळ सुचली तर चित्र ठेवावं. याच धड्यात सुंग आणि मायर यांच्या २०१२ च्या संशोधनाचा दाखला आहे: चित्र कसलंही असो, वाचकाला मजकूर जास्त आवडतो, शिकायला मात्र फक्त शिकवणारी चित्रंच मदत करतात. पानापानाला स्क्रीनशॉट डकवणाऱ्यांनी हे वाचावं, कारण पुढच्या आवृत्तीत बटणाची जागा बदलली की ते सगळे स्क्रीनशॉट पुन्हा काढायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडतं.

नमुना कोडचा धडा वाचताना कोड न येणारे दचकतात. दचकायचं कारण नाही, पण टाळूही नका. तिथे मागणी एवढीच आहे की कोड चालला पाहिजे, छोटा असला पाहिजे आणि वाचून समजला पाहिजे. 'चालला पाहिजे' म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर नव्हे, कोऱ्या मशीनवर.

कोर्स इथे थांबतो. गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कसं वापरायचं, मजकूर कुठल्या साधनात लिहायचा, नोकरी मागताना काय दाखवायचं, यातलं फारसं काही त्यात नाही. मुलाखत घेणारा कोर्स केलाय का ते विचारत नाही, लिहिलेलं दाखवा म्हणतो. म्हणून दुसरा भाग संपायच्या आत तीन नमुने तयार करायला घ्या: सहा ते दहा पायऱ्यांची एक कृती, एखादी संकल्पना समजावणारं एक पान आणि एखाद्या एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या ठरलेल्या पद्धतीचं) छोटं संदर्भपान.

तिसऱ्यासाठी ओपन-मिटिओ हा हवामानाचा खुला एपीआय सोयीचा आहे. अव्यावसायिक वापराला 'की' (ओळख पटवणारा सांकेतिक क्रमांक) लागत नाही, ब्राउझरच्या पत्त्यातच विनंती लिहिता येते. पुण्याचा अक्षांश १८.५२ आणि रेखांश ७३.८६ घाला, तासागणिक तापमान मागा, आकड्यांची यादी येते. आता तिच्याकडे टेक्निकल रायटरच्या नजरेने बघा. दुपारी तीनचं तापमान नऊ-दहाच्या रांगेत दिसतं. चूक एपीआयची नाही. टाइमझोन सांगितला नाही तर तो ग्रीनिच वेळ देतो आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. विनंतीत एशिया/कोलकाता घातलं की रांग सरकते. दुसरी गंमत: अक्षांश आणि रेखांश अदलाबदल करून बघा. एरर येत नाही. ७३.८६ हा अक्षांश चालण्यासारखाच आहे, तो तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या समुद्रात नेऊन सोडतो आणि मे महिन्यात पुण्याचं म्हणून तिथलं गारठलेलं तापमान दाखवतो. संदर्भपानात प्रत्येक पॅरामीटरचं (विनंतीत भरायच्या अक्षांशासारख्या बाबीचं) नाव, प्रकार, सक्तीचा की ऐच्छिक, न दिल्यास काय धरलं जातं, एवढं तर हवंच. पण 'न दिल्यास ग्रीनिच वेळ' आणि 'क्रम उलटला तर एरर येत नाही, भलत्या जागेचं हवामान येतं' या दोन ओळी ज्या नमुन्यात असतात, तो करून बघून लिहिलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मसुद्यात वाक्यं गुळगुळीत असतात, या दोन ओळी बहुधा नसतात.

नमुने वर्डमध्ये करू नका. मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा टाकून मांडणी करायच्या पद्धतीत) लिहा, गिटहब या फाइली ठेवायच्या साइटवर ठेवा आणि एमकेडॉक्ससारख्या साधनाने त्यांची साइट बनवा. इथे नवख्यांचा हमखास एक दिवस जातो, त्याचं कारण सांगून ठेवतो. क्रमांकाच्या यादीत दोन पायऱ्यांच्या मध्ये कोडचा तुकडा आला की तो आत सरकवावा लागतो. गिटहबला तीन स्पेस पुरतात, कारण 'एक, टिंब, स्पेस' एवढी जागा सोडली की त्याचं समाधान होतं. एमकेडॉक्स ज्या पायथन-मार्कडाउनवर चालतं त्याला चार लागतात. परिणाम असा की गिटहबवर यादी १, २, ३ अशी नीट दिसते आणि तुमच्या साइटवर कोडच्या तुकड्यानंतर पुन्हा १ पासून सुरू होते. सुरुवातीपासून चारच द्या, दोन्हीकडे यादीचे आकडे नीट राहतात. दुसरा खड्डा यामल फाइलचा, म्हणजे एमकेडॉक्सच्या सेटिंग्ज जिच्यात असतात तिचा. तिथे टॅब चालत नाही, स्पेसच लागतात, आणि एरर कधी कधी भलत्याच ओळीवर बोट ठेवते. एडिटरमध्ये टॅबऐवजी स्पेस टाकायची सोय असते, ती आधीच चालू करा.

शेवटी मसुदा वेल या खुल्या साधनातून काढा. त्याला गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या स्टाइलच्या नियमांचं पॅकेज लावलं की ते चुका ओळीगणिक दाखवतं. दोन्ही पॅकेज एकदम लावू नका, काही ठिकाणी त्यांचं आपसात पटत नाही आणि नवखा माणूस उगाच गोंधळतो. गूगलचा कोर्स केलाय तर गूगलचंच लावा. वेलने दाखवलेली प्रत्येक चूक सुधारायलाच हवी असं नाही. का सुधारली नाही हे मुलाखतीत सांगता आलं तर उत्तम.

एक गट असा आहे ज्याने हा कोर्स दुय्यम मानावा. चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबड भागातल्या कारखान्यांतून, मेंटेनन्स किंवा क्वालिटीतून जे मेकॅनिकल इंजिनिअर मॅन्युअल लिहायच्या कामाकडे येतात, त्यांना लागणारी चीज वेगळी आहे: एएसडी-एसटीई१००, म्हणजे सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. हे विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी तयार झालं. मागणी केली की प्रत फुकट मिळते. त्यातले नियम गूगलच्या सल्ल्यांहून कडक आहेत. कृतीचं वाक्य २० शब्दांच्या आत, वर्णनाचं २५ च्या आत, वर्णनाचा परिच्छेद सहा वाक्यांपर्यंत, आणि एकाला एक जोडून आलेली नामं तीनपर्यंत. शब्दालाही एकच अर्थ: 'फॉलो' म्हणजे 'नंतर येणे' एवढंच, 'सूचना पाळणे' या अर्थाने तो वापरायचा नाही. पहिल्यांदा हात बांधल्यासारखं वाटतं. पण जो मेकॅनिक ते वाचणार आहे त्याची मातृभाषाही इंग्रजी नसते, आणि हातात टॉर्क रेंच असताना दोन अर्थांतला कुठला घ्यावा यावर विचार करायला त्याला सवड नसते. या गटाने एसटीई आधी घ्यावं, गूगलचा दुसरा भाग नंतर, पहिला भाग सवडीने.

वर्गात करायच्या तुकड्याकडे बहुतेक जण वळतच नाहीत, कारण एकट्याने तो होत नाही. त्याचं चालवणाऱ्यासाठीचं साहित्य मात्र खुलं आहे. क्षेत्र बदलू पाहणारे चौघे-पाच जण जमले तर एका रविवारी दोन-अडीच तासांत पहिला भाग होतो. जोड्या लावा, एकाचा मजकूर दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. वाचणारा जिथे अडखळला तिथे खूण करायची, बस. लिहिणारा 'म्हणजे मला असं म्हणायचं होतं' म्हणाला की त्याने म्हटलं तेच वाक्य कागदावर घ्यायचं, बहुतेक वेळा ते आधीच्यापेक्षा बरं असतं.

एरर मेसेजचा छोटा कोर्स सगळ्यात कमी लोक करतात आणि दर्जाला तोच सरस आहे. काय बिघडलं ते सांगा, कुठली किंमत चालली नाही ती दाखवा, काय चाललं असतं ते सांगा, आणि पुढे काय करायचं ते. 'अवैध दिनांक' एवढंच म्हणणाऱ्या फॉर्मशी आपण सगळेच झगडलोय. त्याऐवजी 'जन्मतारीख ३१/०२/१९९८ अशी भरली आहे. फेब्रुवारीत ३१ तारीख नसते. दाखल्यावरची तारीख दिवस/महिना/वर्ष या क्रमाने पुन्हा भरा' असं लिहिलं तर हेल्पलाइनचा एक फोन वाचतो. सपोर्टमधून येणाऱ्यांनी सुरुवातच इथून करावी. असे शंभर मेसेज आणि त्यांवर आलेले फोन त्यांना पाठ असतात. त्यातले दहा घ्या, नावं आणि ग्राहकांची माहिती काढून टाका, आधीचा आणि सुधारलेला मजकूर शेजारी ठेवा, आणि खाली एका ओळीत लिहा की लोक नेमकं कुठे अडायचे. पोर्टफोलिओतला पहिला नमुना तयार झाला, तोही गिट शिकायच्या आधी.